वीसची सवाई

फेब्रुवारीतला शनिवार होता. टूनगॅबीच्या घरामागे पेपर पसरून मी आणि माझी बायको रेजिना सुका जवळा निवडत बसलो होतो. आत बसून निवडला तर आठ दिवस घराला वास राहतो, म्हणून बाहेर. ती काड्या-कचरा काढत होती, मी नुसता बोटं फिरवत होतो. ती म्हणाली, "निवडतोस की त्याला गोंजारतोस?" मी म्हटलं, "दिसत नाय मला." ती म्हणाली, "मग चष्मा कशाला घेतला, फोटो काढायला?" चाळणी आणायला उठली आणि दारातच खाली बसली. पडली नाही, बसली. मला वाटलं पाय दुखला. चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारली. मधल्या तीन दिवसांत एक शब्द बोलली नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी प्राजक्ता स्कोफिल्ड्सहून घरी आली होती. म्हणाली, "काका, तुम्ही कसिनोत फाशांच्या टेबलावर होता ना? गमती लिहा. लोकांना आवडेल." पोरगी चांगली आहे, पण मला गमती येत नाहीत. मी वसईचा, सातवी पास, केळीच्या वखारीवर वाढलेला माणूस. लिहितोय ते एवढ्याचसाठी की रेजिनाला एक गोष्ट सांगायची होती. सोळा वर्षं तोंडावर आली आणि सोळा वर्षं गिळली. आता तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यातल्या चार-पाच जणींनी त्यातली अर्धी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

रेजिना नर्स. तिच्या नोकरीवर आम्ही इथे आलो, तिच्या पासपोर्टाच्या शेपटाला धरून मी. पहिली सात वर्षं मी बिस्किटाच्या फॅक्टरीत होतो. ती बंद पडली तेव्हा मी पंचेचाळीसचा. पेपरात जाहिरात तिनेच पाहिली, कसिनोत डीलर पाहिजेत, ट्रेनिंग आम्ही देऊ. मी म्हटलं, "चर्चमध्ये काय सांगायचं?" ती म्हणाली, "सांग, हिशेबाचं काम आहे. खोटं नाय."

खरंच हिशेबाचं काम आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबल असतं लांबट, आंघोळीच्या टबासारखं, चारी बाजूंनी कठडा. आत हिरवं कापड, त्यावर रेघा आणि आकडे. गिऱ्हाईक कठड्याला टेकून उभं राहतं आणि दोन फासे समोरच्या भिंतीला लागतील असे फेकतं. आमची माणसं चार. एकाच्या हातात टोकाला वाकलेली काठी, तो फासे गोळा करून परत देतो. दोन बाजूंना दोन डीलर, ते पैसे देतात-घेतात. मध्ये खुर्चीत एक बसतो, बॉक्समन, तो आमच्या हातांवर नजर ठेवतो. त्याच्यावर नजर ठेवायला पिटचा, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या टेबलांचा, मॅनेजर, आणि सगळ्यांवर छतातले कॅमेरे. आमच्या पँटचे खिसे शिवून टाकलेले. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे वर दाखवायचे, हातात काही नाही म्हणून.

खेळ असा. पहिल्या फेकीला सात किंवा अकरा आले की जिंकलात. दोन, तीन, बारा आले की हरलात. बाकी काहीही आलं, समजा आठ, की तो आठ तुमचा नंबर. मग फेकत राहायचं. सातच्या आधी आठ परत आला तर जिंकलात, आठच्या आधी सात आला तर गेलात. दोन फाशांत सात सहा तऱ्हांनी पडतात, आठ पाच तऱ्हांनी. सगळा धंदा त्या एका तऱ्हेच्या फरकावर उभा आहे. मी कोणालाही हेच सांगायचो, आणि लोक मान डोलावून पैसे काढायचे.

नंबर ठरला की मागे जादा पैसे लावता येतात. त्याचा भाव वेगळा. चार आणि दहाला दुप्पट. पाच आणि नऊला दीडपट. सहा आणि आठला पाचाला सहा. हे सगळं तोंडी, झटकन, आठ माणसं ओरडत असताना. बोटांवर मोजलंस तर घरी.

ट्रेनिंगचं पुस्तक इंग्रजी, हातभर जाड. ते वाचलं रेजिनाने. रात्रपाळी करून सकाळी यायची, चहा घ्यायची आणि किचन टेबलावर जुनी चादर घालायची. चादरीवर तिने मार्करने सगळ्या रेघा काढल्या होत्या. पैशांऐवजी चालतात त्या चिपांच्या जागी शर्टांची बटणं, फासे मुलीच्या खेळातले. ती गिऱ्हाईक, मी डीलर. "नऊवर वीस. आला नऊ. बोल." मी म्हणायचो, "तीस." दीडपट मला शिकवावी लागली नाही. आमच्या मास्तरांनी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी छडीने पाठ करून घेतली होती आणि पुढे वखारीवर रोज वापरली. ट्रेनिंगमधले शिकलेले गोरे पोरगे ओठ हलवत बसायचे, माझा आकडा आधी यायचा. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "फिल, कॅल्क्युलेटर गिळलास का?"

पण सहा आणि आठला घोटाळा झाला. पाचाला सहा म्हणजे पाचावर एक वर. माझ्या डोक्याने ते परस्पर सवाईत टाकलं. पाचाची सवाई सव्वासहा, वरचा पाव सोडला की सहा, बरोबर. दहाची साडेबारा, अर्धा सोडला की बारा, बरोबर. पंधराची पावणेएकोणीस, वरचं सोडलं की अठरा, तेही बरोबर. मला वाटलं, मास्तर, तुम्ही इथेही उपयोगी पडलात! मग रेजिनाने आठवर वीस बटणं ठेवली. मी म्हटलं, "पंचवीस." तिने लाकडी डाव माझ्या बोटांवर हाणला. "चोवीस! तुझी सवाई वीसला फसते. वीस आले की सवाई सोड." तो डाव मी पुढे पुष्कळ वेळा खाल्ला. अकरा वर्षं त्या टेबलावर काम केलं आणि आठवर वीस दिसले की बोटं आपोआप मागे यायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक म्हातारी फाशांना इतक्या शिव्या द्यायची की काठीवाला पोरगा लाल व्हायचा. एक जण सात आला की टोपी बदलायचा, पिशवीत पाच टोप्या. पण माझ्या लक्षात राहिलाय तो मर्व्ह. रिटायर झालेला बस ड्रायव्हर. आठवड्यातून तीन दिवस सकाळी अकराला फुकट लेसन असायचा, पैसे न लावता खेळ शिकवायचा. तो बहुतेक वेळा मी घ्यायचो. मर्व्ह दर मंगळवारी यायचा. दोन वर्षं आला. एक डॉलर लावला नाही. माझ्याइतकं त्याला यायला लागलं. मी गमतीने म्हणायचो, "मर्व्ह, परीक्षा कधी देतोस?" एका मंगळवारी लेसन संपल्यावर त्याने खिशातून पाकीट काढलं. कॅरव्हॅन विकली होती. नियम सगळे पाळले, जादा पैसे बरोबर मागे लावले, कुठे चुकला नाही. चाळीस मिनिटांत सगळं गेलं. कठड्यावरून हात पुढे करून म्हणाला, "यू टॉट मी वेल, मेट." नंतर आला नाही. मी त्याला परीक्षेचं बोललो नसतो तर? माहीत नाही. पण बोललो होतो.

आता त्या दिवसाचं.

कसिनोत दोन नियम फार कडक. टेबलावर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. आणि नात्यातलं माणूस टेबलाला आलं तर त्याच क्षणी बॉक्समनला सांगायचं, तो तुम्हाला दुसरीकडे लावतो. कारण उघड आहे. बायकोला दहाच्या जागी वीस दिले तर कोण बघतो? त्या महिन्यात आमच्यातल्या एका डीलरला आपल्या मेव्हण्याला चिपा सरकवताना पकडलं होतं. त्याचं डीलरचं लायसन्स गेलं, केस झाली. नवा पिट मॅनेजर डॅरन आला होता, तो आमच्या पाठी भुतासारखा उभा राहायचा. त्यात माझं लायसन्स रिन्यूला गेलेलं. माझं वय पंचावन्नच्या पुढे गेलं होतं, घराचे हप्ते चालू होते. लायसन्स गेलं तर त्या वयात मला कोण घेणार होतं?

मंडळाच्या बायकांची सहल निघाली. बंदरावर फिरायचं आणि दुपारी कसिनोच्या बुफेत जेवायचं. मी रेजिनाला सांगितलं होतं, "जेव, फीर, माझ्या टेबलाकडे फिरकू नको." ती म्हणाली, "कोण येतंय तुझं टेबल बघायला!"

अकराचा लेसन सुरू केला आणि मान वर करून बघतो तर समोर सहा ओळखीच्या साड्या आणि ड्रेस, आणि कडेला रेजिना. निळं कार्डिगन, हातात पर्स घट्ट. सुनंदाताई सगळ्यात पुढे. मी बॉक्समनकडे बघितलं. म्हातारा ग्रीक होता, स्टॅव्हरॉस, चांगला माणूस. तेव्हाच बोलायचं होतं. मनात म्हटलं, लेसनला कुठे पैसे असतात, लेसन संपू दे. खरं सांगू? मला वाटत होतं तिने बघावं. चादरीवर जे शिकवलं ते मी कापडावर कसं करतो ते तिने एकदा बघावं. म्हणून नाही बोललो.

अर्धा तास मी इंग्रजीत शिकवलं. वाक्यं तिचीच होती. सहा तऱ्हा, पाच तऱ्हा, तिने किचनमध्ये जसं सांगितलं तसंच. बायका समजूतदारपणे मला ओळखत नसल्यासारखं करत होत्या, सुनंदाताई तेवढी हसू दाबत होती. रेजिना हसली नाही. माझ्या हातांकडे बघत होती.

लेसन संपला. टेबल खऱ्या पैशांना उघडलं, कमीत कमी दहा. मला वाटलं आता जेवायला जातील. सुनंदाताईने रेजिनाच्या पाठीला हात लावला, "अगं, तू लाव ना! तुला तर सगळं येतं." आणि रेजिनाने पर्स उघडली.

आताही मला तोंड होतं. डॅरन माझ्या मागे दोन पावलांवर होता, त्याच्या आफ्टरशेव्हचा वास येत होता. आता सांगितलं तर तो विचारणार, अर्धा तास का गप्प बसलास? मी गप्प राहिलो. एक डाव, जाईल, असं मनात म्हटलं.

तिने दहा लावले. फासे तिच्याकडेच गेले. तिने ते एका हातात घेतले, दोन हात लावायचे नाहीत हे तिला माहीत होतं. फेकले. आठ. तिने मोजून वीस मागे ठेवले. आठवर वीस, नेमके तेच. दुसरी फेक, पाच. तिसरी, दहा. चौथीला एक फासा कठड्यावर चढून परत आत आला, चार. मी मनात म्हणत होतो, सात येऊ दे, बाबा, सात येऊ दे, हरू दे तिला, निघून जाऊ दे. पाचवी फेक. पाच आणि तीन, आठ.

बायका किंचाळल्या. मी दहाचे दहा दिले. मग वीसवर गेलो. मागे डॅरन, समोर ती, कानात सुनंदाताईचा आवाज. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोटं मागे आली नाहीत. मी पाचाच्या पाच चिपा ठेवल्या. पंचवीस.

रेजिना घरात मला तू म्हणायची, चारचौघांत अहो. ती चटकन म्हणाली, "अहो, सवाई नाही! चोवीस! हा एक परत घ्या आणि चार सुटे द्या." आणि एका बोटाने पाचाची चिप माझ्याकडे सरकवली.

स्टॅव्हरॉसचा हात वर गेला. "स्टॉप." टेबल थांबलं. डॅरन पुढे आला. गिऱ्हाइकाने आमच्या बाजूला चिप सरकवली, परकी भाषा बोलली, आणि हिशेब चुकलेला. तिन्ही एकदम. डॅरन हळू आवाजात म्हणाला, "फिल, डू यू नो धिस लेडी?"

मी म्हटलं, "नो."

तो म्हणाला, "शुअर?"

मी म्हटलं, "नेव्हर सीन हर."

ती माझ्यापासून चार फुटांवर होती. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं. सहाही बायका मला ओळखत होत्या, माझ्या घरी जेवलेल्या. कोणी हललं नाही. सुनंदाताईचं तोंड उघडंच राहिलं.

डॅरनने रेजिनाला विचारलं, "मॅडम, तुम्ही याला काय बोललात?"

रेजिना म्हणाली, "मी मोजत होते. द मॅन ओव्हरपेड मी बाय अ डॉलर. तो इंडियन दिसला म्हणून माझ्या भाषेत बोलले. सॉरी."

द मॅन. पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तसा आवाज. चार सुट्या चिपा तिने मोजून घेतल्या, पर्सची चेन लावली आणि बायकांना म्हणाली, "चला, भूक लागली."

मला टाळी वाजवून, तळवे दाखवून वर नेलं. बिनखिडकीच्या खोलीत एक तास बसवलं. एकच विचार, लायसन्स गेलं. दुसरा विचार त्याच्या मागे उभा होता, त्याच्याकडे मी बघत नव्हतो. डॅरन आला तो हसत. "टेप पाहिली. डॉलर परत द्यायला कोणी कट करत नाही. ती बाई ऑनेस्ट होती. तू सहा-आठचा हिशेब परत घोकून घे. केस क्लोज्ड." देवाचे आभारही मानले मी.

सहा वाजता घरी गेलो. ती पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "रेजी, लायसन्स गेलं असतं."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"दुसरं काय बोलणार होतो मी?"

"मी काय म्हणाले का?"

"म्हण ना मग काहीतरी. शिव्या दे."

तिने पोळी तव्यावर टाकली. "चूक माझी. यायलाच नको होतं मी तिथे. बस, गरम आहे." वाढलं तिने. समोर बसून जेवली. मुलीचा फोन आला तर हसून बोलली, सहलीचं सगळं सांगितलं, बंदर, बुफे, कोळंबी किती मोठी होती ते. फाशांचं सांगितलं नाही. मी जेवत होतो आणि मला वाटत होतं हिने तो डाव परत एकदा हाणावा. तिने माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीला लावला. "उद्या कितीची शिफ्ट?" विचारलं. मी म्हटलं, "दहाची." झालं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही. बायकांनीही कोणी विषय काढला नाही, त्यांचे उपकार.

तुम्हाला आठवत असेल, त्यानंतर मी फाशांच्या टेबलावर दिसलो नाही. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं मी तळघरात युनिफॉर्म वाटत होतो. कोणाचा शर्ट कुठल्या मापाचा, कोणाच्या बाहीला डाग. पगार कमी झाला. रेजिनाला सांगितलं, "पाठ दुखते, उभं राहवत नाही." तिने मलम आणलं. नर्स होती ती, दुखणाऱ्या पाठीची चाल तिला कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तिने मलम आणलं आणि रोज लावलं. खरं का नाही सांगितलं? काय सांगणार होतो? तू माझी बायको आहेस हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं, असं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रात्रपाळीवरून यायच्या आधी मी निघालो. शिफ्ट दहाची होती, मी सव्वाआठला डॅरनच्या दारात. तो कॉफी घेऊन बसला होता.

मी म्हटलं, "कालची ती बाई. ओळखतो मी तिला."

त्याने कप खाली ठेवला. "फिल, केस बंद झाली आहे, मेट. कोणी मागत नाहीये. गो होम, दहाला ये."

मी म्हटलं, "माझी बायको आहे. हा खेळ मला तिने शिकवला. काल मी खोटं बोललो."

तो म्हणाला, "हे लिहून दिलंस तर मला वर पाठवावं लागेल. टेबल जाईल तुझं. लायसन्सही जाऊ शकतं. नीट विचार कर."

मी म्हटलं, "फॉर्म दे."

त्याने ड्रॉवरमधून काढून दिला. इंग्रजी फॉर्म मी जन्मात स्वतः भरला नव्हता. बँकेचा, टॅक्सचा, मुलीच्या शाळेचा, सगळे रेजिनाच भरायची, मी खाली सही करायचो. तो एक मी बसून भरला. पाऊण तास लागला. नाव, पत्ता, आणि नातं कोणतं, त्या चौकटीत "वाइफ".